बंद पेटी आणि थोरला

थोरला आमच्या आईच्या पोटचा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. तो चार वर्षांचा असताना शेजारच्या खोलीतलं त्याचं घर बसलं. आधी आई तापानं गेली, मग ट्रक चालवणारा बाप एका वळणावर गेला. कोणी ना कोणी नातेवाईक येईल म्हणून आईनं त्याला आमच्या खोलीत आणून ठेवलं. कोणी आलं नाही. पुढं धाकटा झाला, मग मी झाले, आणि थोरला थोरलाच राहिला. शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं तेव्हा आईनं त्याच्या बापाचंच नाव सांगितलं. ज्यानं जन्म दिला त्याचं नाव पुसायचा मला काय अधिकार, असं ती म्हणायची. दत्तक वगैरे घ्यायचं तिला सुचलंही नाही. पोराला ताट वाढायचं तर आधी कोर्टात जावं लागतं असं तिला कोणी सांगितलं असतं, तर ती हसली असती.

कारखाना सुरू झाला तो आमच्या स्वयंपाकघरात. धाकट्याला बाटल्या धुण्याचे ब्रश विकायचं काम मिळालं होतं. ते ब्रश महिन्याभरात टकले व्हायचे आणि गिऱ्हाईक धाकट्याचा उद्धार करायचं. थोरल्यानं एक ब्रश उकलून बघितला. दोन तारा, मध्ये केसांची ओळ, आणि तारांना पीळ. पीळ कमी पडला की केस गळतात, जास्त पडला की तार तुटते. त्यानं शिवणयंत्राचं मोडकं चाक खिडकीच्या गजाला बांधलं, तारेचं एक टोक चाकात, एक दारात माझ्या हातात, आणि हळूहळू पीळ घातला. तो ब्रश वर्षभर टिकला. मग तो पिळायचा, धाकटा विकायचा, मी केस सारखे कातरायचे. आईच्या पातेल्यात नायलॉनचे तुकडे निघायचे. ती म्हणायची, पोटं तरी आतून स्वच्छ होतील तुमची.

कंपनी काढायची वेळ आली तेव्हा दोघांच्या सह्या हव्या होत्या. थोरला म्हणाला, सहीला हात स्वच्छ लागतात, माझे कधी असतात? वहिनीची घ्या. वहिनी म्हणजे धाकट्याची बायको, तेव्हा नुकतीच घरात आलेली. तिची सही झाली. थोरल्याचं नाव कामगारांच्या पटावर गेलं, सगळ्यांत वर. हिस्सा कसला मागायचा आणि कोणाकडे? धाकट्यानं घर बांधलं तेव्हा मागची खोली थोरल्याची म्हणूनच बांधली, खिडकी मोठी ठेवून, कारण त्याला उजेड लागायचा. लग्नाचं त्याचं राहूनच गेलं. विचारलं की म्हणायचा, एवढे पीळ रोज घालतो, अजून एक कशाला?

धाकट्याचा एक हट्ट होता. एकदा बोललेला भाव तो बदलायचा नाही, ना गिऱ्हाइकासाठी ना माल देणाऱ्यासाठी. तार महागली तरी पोटाला चिमटा घेऊन त्याच भावात माल द्यायचा. त्यामुळे नाव झालं, आणि त्यामुळेच शेवटी कर्जही झालं. बँकेनं कारखान्यासाठी घर तारण घेतलं होतं. मुदत संपत आली आणि बँकेची भाषा बदलली, तेव्हा सफाईची मोठी यंत्रं बनवणारी एक कंपनी आमचा कारखाना विकत घ्यायला तयार झाली. बँक भागवून घर सुटेल आणि म्हातारपणाला थोडं उरेल, इतपत किंमत येत होती. त्यातलं निम्मं दादाचं, असं धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला. थोरला म्हणाला, मला एक नवी खुर्ची घे, पाठ टेकता येईल अशी. बाकीचं तुझ्याकडेच असू दे.

व्यवहार समजावून सांगायला वकीलबाई घरी आल्या. जेवणाच्या टेबलाशी धाकटा, वहिनी आणि मी, आणि खिडकीशी थोरला. त्याला तेव्हा खोकला लागलेला असायचा, कोंडलेल्या जागी बसवायचं नाही. इतक्या वर्षांचे कातरलेल्या केसांचे बारीक कण छातीत जाऊन बसले होते.

वकीलबाईंनी सांगितलं की कंपनीची किंमत ठरवायच्या दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे आज अंदाजानं आकडा बोलायचा आणि किल्ल्या द्यायच्या दिवशी सगळं मोजायचं. माल किती, येणी किती, देणी किती, बँकेत किती. ठरल्यापेक्षा कमी भरलं तर किंमत उतरते, जास्त भरलं तर चढते. हे ‘चढते’ त्या जरा हळूच म्हणाल्या. मोजणारी माणसं घेणाऱ्यांची, खोट काढणारीही त्यांचीच, आणि पुढं कित्येक महिने पत्रापत्री. दुसरी तऱ्हा बंद पेटीची. गेल्या वर्षअखेरचा ताळेबंद समोर ठेवायचा आणि त्यावरून किंमत एकदाच, कायमची ठरवायची. त्या दिवशी पेटीला कुलूप लागलं असं धरायचं. पुढचा नफा त्यांचा, तोटाही त्यांचा, तुम्ही नुसते राखणदार. पगार द्या, माल घ्या, धंदा रोजच्यासारखा चालवा. फक्त त्या पेटीतून स्वतःला किंवा स्वतःच्या माणसांना काही काढून द्यायचं नाही. दिलं तर तिला गळती म्हणतात, आणि जेवढं गळलं तेवढं पै न् पै तुमच्याकडून परत घेतात.

वहिनीच्या चेहऱ्यावरून तिला कळलं नव्हतं हे दिसत होतं. वकीलबाई म्हणाल्या, "असं समजा, घराचा फोटो काढला आणि फोटोतलं घर विकलं. ताबा द्यायला वेळ आहे. तोवर राहा, झाडा, पुसा. पण फोटोतली खुर्ची नणंदेकडे पाठवायची नाही."

"आणि फोटोत माणूस असला तर?" थोरल्यानं खिडकीतून विचारलं.

सगळे हसलो. वकीलबाईही हसल्या.

धाकट्यानं तिथल्या तिथं बंद पेटी निवडली. एक आकडा, एकदा बोलायचा, मग घासाघीस नाही. त्याच्या स्वभावालाच धरून होतं ते. घरच्या माणसांना नेमानं जे जातं ते आधीच यादीत लिहून दिलं तर चालतं, असं वकीलबाईंनी सांगितलं, म्हणून यादी केली. धाकट्याचा आणि वहिनीचा पगार, गाडीचा हप्ता, वहिनीच्या नावावर असलेल्या मागच्या शेडचं भाडं, आणि मी पॅकिंग बघायचे त्याचा माझा पगार. थोरला तिथंच बसला होता. त्याचं नाव कोणालाच सुचलं नाही. ती काही लपवालपवी नव्हती. घरात तो आम्हाला कामगार वाटायचा नाही, आणि कारखान्याच्या कागदांत तो घरचा नव्हता. दोन फळ्यांच्या फटीत नाणं पडावं तसा तो मधल्यामध्ये गेला.

मग घेणाऱ्यांची माणसं कारखाना बघायला येऊ लागली. आमच्या कामगारांनी त्यांना ‘पाहुणे’ असं नाव पाडलं. पाहुणे आले की जो तो फडकं घेऊन आपलं मशीन पुसायचा. पाहुणे ब्रशचे केससुद्धा मोजणार आहेत अशी अफवा उठली, तेव्हा थोरला डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "माझ्यापासून सुरू करा म्हणावं, लवकर उरकेल." पाहुण्यांत एक हिशेबनीस होता, हळू बोलणारा, पायात नेहमी मऊ बूट घालणारा. धाकट्यानं त्याच्यासमोर थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, हा माझा थोरला भाऊ, कंपनी उभी आहे ती ह्याच्या पिळावर. हिशेबनीसानं मान डोलावली, थोरल्याला नमस्कार केला. वाईट माणूस नव्हता तो. पण ऐकलेलं विसरणाराही नव्हता.

त्यानंतर थोरल्याचं छातीचं दुखणं इतकं वाढलं की ऑपरेशन करावं लागलं. फुप्फुसाचा एक भाग काढला. बिल मोठं झालं. आमच्याकडे रीत अशी होती की कोणीही कामगार आजारी पडला की आधी कंपनीतून भरायचं, मग बघायचं. वॉचमनच्या गुडघ्याचं तसंच भरलं होतं, कातरणी चालवणाऱ्याच्या बायकोच्या बाळंतपणाचंही. धाकट्यानं दवाखान्याच्या काउंटरवर उभ्या उभ्या चेक फाडला. तो कंपनीचा चेक आहे आणि पेटीला कुलूप लागून बरेच महिने झालेत, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या डोक्यात तेव्हा फक्त आतल्या खोलीत थोरल्याला लावलेली नळी होती.

सह्या व्हायच्या थोडे दिवस आधी वकीलबाई पुन्हा आल्या. या वेळी चहा घेतला नाही. हिशेबनीसाच्या नजरेला तो चेक आला होता. हा माणूस कोण, एवढी रक्कम का, आणि तुम्हीच तर त्यांना भाऊ म्हणून ओळख करून दिली होती, असं त्याचं पत्र होतं.

धाकटा म्हणाला, माझ्या पैशांतून कापा, विषय संपला. वकीलबाई म्हणाल्या, तेवढ्यावर संपत नाही. यादीत भाऊ नाही, म्हणजे भाऊ लपवला असं ते धरतील. मग त्याचा इतक्या वर्षांचा पगार, कंपनीत त्याचा काही हक्क आहे का, आणखी कोणी लपवलंय का, सगळं नव्यानं तपासायला घेतील. त्याला दोन-तीन महिने लागतील, आणि बँक तेवढं थांबणार नाही.

"घर जाईल," वहिनी टेबलाकडे बघत म्हणाली.

वकीलबाईंनी आवाज उतरवला. "कायद्यानं बघाल तर ते तुमचे भाऊ नाहीतच. रक्ताचे नाहीत, दत्तक नाहीत. कंपनीचे कामगार आहेत, कामगाराचा दवाखाना कंपनीनं भरला, तुमची तशी रीतच आहे. खोटं काहीच लिहायचं नाही. आहे तेच लिहायचं."

आहे तेच लिहायचं म्हटल्यावर त्याला नाही कसं म्हणायचं, ते आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं.

"लिही की," थोरला म्हणाला. "मी कामगार आहेच. दर महिन्याला पगार घेतो."

"दादा, तू गप्प बस."

"अरे, आईनं माझ्या बापाचं नाव पुसलं नाही, ते आता कामाला येतंय. हुशार होती आई."

तो हे रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो खरंच धाकट्याची समजूत घालत होता. आणि त्या खोलीतल्या आम्ही सगळ्यांनी, देव साक्षी आहे, सुटकेचा निःश्वास टाकला.

कागद तयार झाला. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, थोरल्याचा कंपनीत किंवा किमतीत कसलाही वाटा नाही, पुढं तो मागणार नाही. दोघांनी सह्या केल्या. किमतीतला एक भाग वर्षभर तिऱ्हाइताकडे ठेवायचा होता. वर्षात कुठली गळती उघडी पडली तर त्यातून कापायची, नाहीतर वर्ष संपलं की धाकट्याला द्यायचा. निघताना वकीलबाई दारात थांबल्या आणि अवघडून म्हणाल्या की दोघांचा राहायचा पत्ता एकच आहे, तेवढं जरा बघा. वर्षभर जपून राहा म्हणजे झालं.

थोरला सांगितलेलं काम अर्धवट करणारा नव्हता. त्याच आठवड्यात त्यानं कारखान्याजवळ टायरच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. एक खिडकी, नळ जिन्यात, आणि खालून दिवसभर रबराचा वास. धाकट्यानं गाडीतून ट्रंक नेली आणि वर चढवायला हात घातला, तर थोरल्यानं त्याला जिन्याशीच थांबवलं. म्हणाला, दुकानातली माणसं बघतायत, कामगाराची ट्रंक मालक उचलतो का? टायरवाल्याच्या माणसाला चहाचे पैसे देऊन त्यानं ट्रंक वर नेऊन घेतली. धाकटा खाली गाडीला टेकून उभा राहिला. घरी आल्यावर त्यानं मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं, आणि ते पुढं कोणी उघडलं नाही.

कंपनी विकली गेली. वहिनी आणि मी मालकाच्या नात्यातल्या, म्हणून त्याच दिवशी आम्हाला तिथून रजा मिळाली. धाकटा घडी बसेपर्यंत तीन महिने राहिला, मग त्याच्याकडूनही गळ्यातलं ओळखपत्र परत घेतलं. घरच्यांपैकी आत राहिला तो एकटा थोरला, कारण तो घरचा नव्हता.

नव्या मालकांनी तारा पिळायचं आपोआप चालणारं मशीन आणलं. थोरल्याला कातरणीच्या टेबलावर बसवलं. कणांची धूळ सगळ्यांत जास्त तिथंच. नवा मॅनेजर काही दुष्ट नव्हता, त्याच्यापुढं फक्त पट होता आणि पटावर नावं होती. धाकट्याच्या राज्यात थोरल्याला ऑपरेशननंतर कोणी धुळीजवळ फिरकू दिलं नसतं. मी म्हटलं, दादा, दवाखान्याचा कागद दाखव, जागा बदलून माग. तर म्हणाला, "छोटे, फार पुढं पुढं केलं की लोक विचारतात, हा कोण लागून गेला? कामगाराला बसवतील तिथं बसायचं."

सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असायचं, तेव्हा मी डबा घेऊन जायचे. डबा वहिनीच भरून द्यायची, आणि वरचं झाकण दोनदा दाबून बघायची. थोरला खाटेवर बसून जेवायचा, घास घासाला थांबायचा. जेवून झालं की विचारायचा, पेटी उघडली का? मी म्हणायचे, अजून नाही, ठेवीचं वर्ष व्हायचंय. मग म्हणायचा, उघडली की येतो, खोली झाडून ठेवा. मी रोज देवाजवळ बसल्यावर एवढंच मागायचे की वर्ष लवकर सरू दे. आता वाटतं, देवाला तारखा सांगू नयेत.

धाकटा एकदाच तिथं गेला. खालून हाक मारली, "दादा." थोरला खिडकीत आला, रस्त्यावर इकडं तिकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "नमस्कार साहेब. बरे आहात ना?" पहिल्यांदा धाकट्याला ती गंमत वाटली, तो हसलाही. पण थोरला खाली उतरला तो हात जोडूनच, आणि टायरवाल्याला म्हणाला, आमचे जुने मालक, फार चांगले. दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून हवापाण्यावर बोलले. घरी येऊन धाकटा जेवला नाही. वहिनी म्हणाली, वर्षाचा तर प्रश्न आहे. तो म्हणाला, हो, वर्षाचाच.

वर्षाला थोडेच आठवडे उरले असताना थोरला कातरणीच्या टेबलावरच कोसळला. कंपनीच्या गाडीनं दवाखान्यात नेलं, सोबत नव्या मालकांचे एचआरचे साहेब होते. नाव घालताना सिस्टरनं विचारलं, घरचं कोण आहे? थोरल्याला धाप लागली होती, पण हे उत्तर त्यानं नीट दिलं. कोणी नाही, मी एकटाच.

आम्हाला कळवलं ते टायरवाल्यानं. धाकटा आणि मी पोहोचलो तर अतिदक्षता विभागाच्या दारावरच्या सिस्टरनं अडवलं. आत फक्त नातेवाईक.

"मी भाऊ आहे," धाकटा म्हणाला.

"पेशंटनं कोणी नाही म्हणून सांगितलंय."

"त्यांना विचारा. माझं नाव सांगून विचारा."

ती आत गेली. दाराच्या काचेतून आम्हाला त्याचे पाय तेवढे दिसत होते. ती बाहेर आली आणि तिचा आवाज मऊ झाला होता. म्हणाली, ते म्हणतात तुम्ही जुने मालक आहात, फार चांगले आहात. पाच मिनिटं भेटून या, एकानंच. मी बाहेर थांबले.

आत काय झालं ते धाकट्यानं मला फार नंतर, एका वाक्यात सांगितलं. तो जवळ बसून दादा म्हणाला, तर थोरल्यानं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाला, "वर्ष व्हायचंय अजून. गप्प बस." मग एचआरचे साहेब कुठं बसलेत ते त्यानं नजरेनं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

खाली काउंटरवर कारकून बसला होता. देह कोणाच्या ताब्यात द्यायचा ते लिहायचं होतं. त्याच्यासमोरच्या कागदावर घरचं कोणी नाही, कंपनीचा कामगार, एवढंच. एचआरचे साहेब पुढं झाले. माणूस समंजस होता, धाकट्याच्या दंडाला हात लावून म्हणाला की तुम्ही कशाला त्रास घेता, कंपनी सगळं रीतसर करेल, सही मी करतो. त्यांनी पेन काढलंसुद्धा. त्या कागदावर सही करायला माझा भाऊ रांगेत दुसरा उभा होता.

कारकुनानं धाकट्याकडे बघून विचारलं, "आणि आपण कोण?"

धाकट्यानं एचआरच्या साहेबांकडे बघितलं. ते ऐकत होते. न ऐकल्यासारखं करणं त्यांना सहज जमलं असतं, पण त्यांनी तसं केलं नाही.

"भाऊ," धाकटा म्हणाला. "मी ह्यांचा धाकटा भाऊ. ही आमची बहीण. सही मी करणार."

त्यानं सही केली. एचआरच्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं. थोरल्याला आम्ही आमच्या घरातून नेलं, मागच्या खोलीचं दार उघडून, तिथं थोडा वेळ ठेवून. खिडकीतला उजेड त्याच्या तोंडावर होता. खोली झाडायची मात्र राहून गेली होती.

महिना व्हायच्या आत, ठेवीचं वर्ष संपायच्या आधीच, घेणाऱ्यांचं पत्र आलं. दवाखान्यात विक्रेत्यानं स्वतः दिलेल्या कबुलीवरून मयत कामगार हे विक्रेत्याचे भाऊ होते असं दिसतं, सबब पेटी बंद झाल्यानंतर त्यांच्या ऑपरेशनपोटी दिलेली रक्कम ही गळती आहे, आणि ती तिऱ्हाइताकडच्या ठेवीतून कापून घ्यावी. रक्कम बरोबर तेवढीच, जेवढी धाकट्यानं पहिल्या दिवशी माझ्या पैशांतून कापा म्हटलं होतं तेवढी. आता ना तपासणीची भीती होती ना बँकेची, घर केव्हाच सुटलं होतं. थोरला ज्यासाठी वर्षभर टायरच्या दुकानावर राहिला, ज्यासाठी धुळीत बसला, ते त्याच्यामागून जायचं ते गेलंच.

वकीलबाई आल्या. या वेळी त्यांनी चहा घेतला आणि सरळच बोलल्या. हे पत्र टिकणार नाही, म्हणाल्या. कायद्यानं ते भाऊ नव्हतेच, तुमचा दोघांचा सहीचा कागद आहे. फक्त एक उत्तर लिहायचं, की दुःखाच्या भरात तोंडून भाऊ निघालं, प्रत्यक्षात नातं नव्हतं. रक्कम वाचेल.

वहिनीनं धाकट्याकडे बघितलं. तिला ती रक्कम हवी होती की नको होती, मला आजही सांगता येणार नाही.

"कापू द्या," धाकटा म्हणाला.

"लढलो तर जिंकू आपण."

"जिंकायचं म्हणजे तेच पुन्हा लिहायचं ना? कापू द्या."

वकीलबाईंनी आणखी एकदा समजावलं, मग कागद आवरले. ते पत्र त्यांना फाइलला लावायला हवं होतं. शाळेचा दाखला, कामगारांचा पट, ऑपरेशनचे कागद, ती सही, कुठंच थोरल्याच्या नावाशेजारी ते लिहिलेलं नव्हतं. होतं ते त्या एका पत्रात, टाइप केलेलं, शिक्का मारलेलं. विक्रेत्याचे भाऊ.

धाकटा ते पत्र घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आला आणि वकीलबाईंना झेरॉक्स दिली.